तीन ॲम्प्लिफायर आणि एक खुर्ची : श्रवणबैठकीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

आजची बैठक फसली. ती का फसली हे मंडळी गेल्यानंतर अर्ध्या तासात कळले, म्हणून या नोंदी लिहायला घेत आहे. माझ्यासह आम्ही सहा जण जमलो होतो. एकच सीडी प्लेअर, एकच स्पीकरजोडी आणि दोन ॲम्प्लिफायर. एकावर पाच मिनिटे ऐकायचे, वायरी काढून दुसऱ्याला जोडायच्या आणि तोच तुकडा पुन्हा लावायचा, ही आमची नेहमीची पद्धत. आवाज दोन्हींवर सारखा असावा म्हणून व्हॉल्यूम कानाने जुळवला आणि नॉबच्या जागा पेन्सिलने आखून ठेवल्या. सहापैकी पाच जणांचा कौल दुसऱ्या ॲम्प्लिफायरला पडला. तो अधिक मोकळा वाटतो, त्यावर गाणारी बाई दोन पावले पुढे येऊन उभी राहते, तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते, अशी वर्णने झाली आणि मीही त्यांत भर घातली.

मंडळी गेल्यावर सहज म्हणून हजार हर्ट्झचा सूर लावून, नॉब त्याच खुणांवर ठेवून, स्पीकरच्या टोकांशी मल्टिमीटर लावला. पहिल्यावर २.०० व्होल्ट आले आणि दुसऱ्यावर २.२४. म्हणजे जवळजवळ १ डेसिबलचा फरक. एवढा फरक कोणाला ‘मोठा आवाज’ म्हणून ओळखता येत नाही, पण ‘चांगला आवाज’ म्हणून तो सगळ्यांना ओळखता येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली कानाचे जे आलेख मांडले, त्यांतूनच याचा एक भाग उलगडतो : हळू आवाजात कान खर्जाला बराच बहिरा असतो आणि पातळी जरा वर गेली की खर्ज मध्यसप्तकापेक्षा वेगाने भरून येतो. आम्ही तासभर ज्याची तारीफ केली तो ॲम्प्लिफायर नव्हता, ती नॉबची जागा होती.

८ जानेवारी

पुढच्या बैठकीची व्याप्ती ठरवली. तीन ॲम्प्लिफायर घ्यायचे : ट्रान्झिस्टरचा ६० वॉटचा, क्लास डी जातीचा (सिग्नल अतिवेगाने चालू-बंद करून वाढवणारा) तळहाताएवढा छोटा, आणि आमच्यातल्या एका मित्राचा ८ वॉटचा सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह (जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारा) ॲम्प्लिफायर, ज्यावरून गेली दोन वर्षे वाद चालू आहे. स्पीकरची तुलना यात नाही, कारण दोन स्पीकरांतला फरक ऐकायला एवढा खटाटोप लागत नाही. टर्नटेबलही सध्या बाजूला.

पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवायची, हे पक्के केले. व्होल्टमध्ये बोलायचे तर हा जेमतेम १.२ टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे २.०० च्या शेजारी २.०२ चालेल आणि २.०५ चालणार नाही. हे काम कानाचे नव्हे, मीटरचे.

१२ जानेवारी

आजचा दिवस खोलीवर गेला. खोली ५.२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि २.९ मीटर उंच आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरून प्रत्येक मापाच्या दुपटीने भागले, की खोली ज्या सुरांना स्वतः घुमते ते सूर मिळतात : ३३, ४८ आणि ५९ हर्ट्झ. टेप घेऊन बसल्यावर नुसत्या गणितातून इतके निघेल असे वाटले नव्हते. लांबीच्या मधोमध बसणाऱ्याला ३३ हर्ट्झचा सूर जवळजवळ मिळतच नाही, तर मागच्या भिंतीला टेकलेल्या कोचावर तो ढोलासारखा येतो. म्हणजे कोचावरचा माणूस ‘बास फार आहे’ म्हणतो आणि मधल्या खुर्चीवरचा ‘बास कुठे आहे’ म्हणतो, तेव्हा दोघेही खरे बोलत असतात आणि वाद ॲम्प्लिफायरच्या नावावर जमा होतो.

त्याहून गमतीची गोष्ट उंचीची निघाली. ५९ हर्ट्झचा सूर जमिनीपासून १.४५ मीटरवर सर्वांत क्षीण असतो. बसलेल्या माणसाचे कान १.१ मीटरच्या आसपास असतात, उभ्याचे दीड मीटरच्या वर. आमच्यातले जे सद्गृहस्थ नेहमी रॅकशेजारी उभे राहून ऐकतात आणि प्रत्येक यंत्राला ‘कोरडे’ म्हणतात, त्यांच्या मताचा एक भाग त्यांच्या उभे राहण्यात असावा. हे त्यांना कसे सांगावे याचा विचार करत आहे.

निर्णय असा की ऐकायची खुर्ची एकच राहील, तिच्या पायांच्या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखल्या जातील आणि एका वेळी एकच जण ऐकेल. बाकीच्यांनी दुसऱ्या खोलीत बसावे आणि तिथे हवे तेवढे भांडावे.

१९ जानेवारी

अदलाबदलीचा डबा बांधायला घेतला. वायरी बदलण्यात दोन-तीन मिनिटे जातात आणि आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे दोन यंत्रांतली अदलाबदल बटणाच्या एका दाबात झाली पाहिजे. कल्पना जुनी आहे. मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली ही पद्धत श्रवणचाचण्यांसाठी मांडली, आणि हाय-फायच्या यंत्रांसाठी तिचे रिलेवर (विजेने हलणाऱ्या स्विचवर) चालणारे रूप डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली प्रसिद्ध केले. ऐकणाऱ्याच्या हातात तीन बटणे असतात. आमच्या डब्यावर मी त्यांना क, ख आणि क्ष अशी नावे दिली आहेत. क आणि ख ही दोन ज्ञात यंत्रे. क्ष म्हणजे त्या दोहोंपैकीच एक, पण कोणते ते ऐकणाऱ्याला ठाऊक नसते. तिन्ही बटणे हवी तितक्या वेळा दाबावीत आणि क्ष म्हणजे कोण ते कागदावर लिहावे. ‘कोणते चांगले’ हा प्रश्न इथे विचारलेलाच नाही. दोन्हींत फरक कळतो का, एवढेच विचारले आहे.

सोल्डरिंग करताना एक चूक केली, ती इथे नोंदवून ठेवतो. स्पीकरच्या काळ्या वायरी दोन्ही ॲम्प्लिफायरना सामाईक ठेवून फक्त लाल वायरी रिलेतून फिरवल्या तर निम्मे संपर्क वाचतील, असा हिशोब केला. क्लास डीचा ॲम्प्लिफायर जोडताक्षणी त्याने स्वतःला बंद करून घेतले. त्याच्या लाल आणि काळ्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, काळे टोक म्हणजे जमीन नव्हे, हे ठाऊक असूनही हाताने जुनीच सवय चालवली. यंत्र शाबूत आहे. आता प्रत्येक चॅनेलला प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र डबल पोल रिले आहे आणि दोन्ही वायरी त्यातून जातात.

व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर रिकामा चालू ठेवू नये, त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला इजा होऊ शकते. म्हणून रिले सुटलेल्या स्थितीत ते यंत्र ८ ओहमच्या जाड रेझिस्टरवर जाईल, अशी जोडणी केली.

२२ जानेवारी

वायरींचा प्रश्न पूर्वीच निकालात काढावा म्हणून हिशोब केला. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तीन मीटर वायरीचा जाऊन-येऊन रोध ०.०५ ओहमच्याही किंचित खाली येतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीचा सुमारे ०.२३. आमच्या स्पीकरवर बारीक वायर कुठे कुठे ०.४ डेसिबलपर्यंत चढउतार करील, जाड वायर ०.१ च्या आत राहील. सगळीकडे जाड वायर वापरायची. वेष्टनाचा रंग कोणता, याची चर्चा बैठकीत घ्यायची नाही.

२६ जानेवारी

पातळी जुळवण्याचे काम दीड तासाचे समजलो होतो, त्याला पूर्ण दुपार लागली. छोट्या ॲम्प्लिफायरचा नॉब खाली असताना डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये ०.४ डेसिबलचा फरक निघाला. नॉब वर नेला की तो नाहीसा होतो. म्हणून तिन्ही यंत्रांचे नॉब वरच्या ठरावीक जागी चिकटपट्टीने पक्के केले आणि पातळी कमी करायचे काम डब्यातल्या दहा फेऱ्यांच्या ट्रिमपॉटकडे (स्क्रूने बारीक फिरवायच्या छोट्या नॉबकडे) दिले. साध्या मल्टिमीटरचा एसी आकडा ५० हर्ट्झच्या आसपास विश्वासाचा असतो, हजार हर्ट्झला तो थोडा खोटा बोलू शकतो. पण इथे खरा आकडा कोणाला हवा आहे? एकाच मीटरवर, एकाच सुराला, दोन आकडे सारखे आले म्हणजे झाले. स्पीकर जोडलेले ठेवून १००० हर्ट्झला तिन्ही यंत्रे २.००, २.०१ आणि २.०० व्होल्टवर आणली.

२ फेब्रुवारी

चाचणीचे नियम आज लिहून सर्वांना पाठवले. क्ष कोण असेल हे माझी भाची नाणे उडवून ठरवील आणि बाहेरच्या बोळात ठेवलेल्या डब्यावरची लपलेली कळ फिरवील. ती खोलीत येणार नाही. उत्तर ठाऊक असलेला माणूस समोर असला की त्याच्या भुवया बोलतात. गणित करणाऱ्या हान्स नावाच्या घोड्याचे गुपित १९०७ साली मानसशास्त्रज्ञ फुंगस्टने उघड केले तेही हेच होते, घोड्याला गणित येत नव्हते, प्रश्न विचारणाऱ्याची मान वाचता येत होती.

प्रत्येकाने १६ वेळा ओळखायचे. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता ३.८ टक्के असते, म्हणून १२ ही रेषा आधीच ठरवली. मात्र सहा जण बसणार आहेत. सहांपैकी निदान एकाला निव्वळ नशिबाने १२ गाठता येण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून ज्याला १२ मिळतील त्याने आणखी १६ वेळा बसायचे, असा नियम घातला. ‘पास होणाऱ्यालाच शिक्षा’ अशी त्यावर एक प्रतिक्रिया आली आहे.

८ फेब्रुवारी

भाचीला घेऊन रंगीत तालीम केली आणि बरे झाले केली. पहिल्या दहापैकी दहा उत्तरे माझी बरोबर आली. क्षणभर स्वतःच्या कानांचा अभिमान वाटला. मग लक्षात आले की मी ऐकतच नव्हतो. क वरून क्ष दाबले आणि क्ष म्हणजे क हाच असला, तर रिले हलत नाही आणि संगीत अखंड चालू राहते. क्ष म्हणजे ख असला तर मध्ये बारीकशी फट पडते. ती फट ऐकली की उत्तर हातात. आता डब्यात एक छोटे टायमर सर्किट बसवले आहे : कोणतेही बटण दाबले तरी दोन्ही रिले पाव सेकंद सुटतात आणि मग हवा तो रिले बसतो. फट प्रत्येक वेळी सारखीच पडते. दुरुस्तीनंतर माझी उत्तरे दहापैकी सहा बरोबर आली, म्हणजे मी पुन्हा माणसांत आलो.

१६ फेब्रुवारी

मुख्य बैठक झाली. सकाळी दहाला सुरू झाली आणि संध्याकाळी सातला आटोपली, कारण एका माणसाला एका जोडीसाठी सरासरी चाळीस मिनिटे लागली आणि नंतर नंतर कान दमतात म्हणून मध्ये सुट्ट्या द्याव्या लागल्या. खुर्चीशी पातळी ७५ डेसिबलच्या आसपास ठेवली होती.

ट्रान्झिस्टर विरुद्ध क्लास डी : ७, ९, ८, १०, ६ आणि ९. एकूण ९६ पैकी ४९. यातले ६ माझे आहेत, आणि ५ जानेवारीला ‘जवारी सुटी ऐकू येते’ म्हणणाऱ्यांपैकी मी एक होतो हे इथे पुन्हा लिहून ठेवणे न्याय्य होईल.

ट्रान्झिस्टर विरुद्ध व्हॉल्व्ह : १५, १६, १४, १३, १६ आणि ११. पाच जण रेषेपलीकडे गेले. दुसरी फेरी घेतली, त्यातही पाचही जण पलीकडेच राहिले. निकाल वाचून दाखवला तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती मला अपेक्षित नव्हती. सगळे चांगले ॲम्प्लिफायर मर्यादेत चालवले तर ओळखू येत नाहीत, हे मी वर्षभर सांगत आलो आहे. १९८७ मध्ये ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकी मासिकाने घेतलेली चाचणी त्यासाठी उद्धृत करत आलो आहे. व्हॉल्व्हवाल्या मित्राने एवढेच विचारले, “आता लिहिणार ना हे?” लिहिले आहे.

ओळखणाऱ्यांनी कागदावर केलेली टिपणे मला आकड्यांपेक्षा मोलाची वाटली. पाचपैकी चौघांनी, एकमेकांशी न बोलता, तबल्याच्या तुकड्याचा उल्लेख केला : डग्ग्याचा घुमारा व्हॉल्व्हवर लांबतो, तर ट्रान्झिस्टरवर तो आखडतो. एकाने ‘गाणारीचा आवाज किंचित पुढे’ असेही लिहिले. एवढे नेमके आणि एवढे सारखे वर्णन आले म्हणजे त्यामागे काहीतरी मोजता येण्याजोगे असणार.

आमच्यातले ज्येष्ठ श्रोते पहिल्या जोडीनंतर उठले. परीक्षेच्या बाकावर बसल्यासारखे वाटते आणि अशा मनःस्थितीत संगीत ऐकू येत नाही, असे ते म्हणाले. ११ गुण त्यांचेच. नंतर समजूत घातल्यावर ते दुसऱ्या जोडीला बसले, पण मनाविरुद्ध. त्यांची तक्रार मला सर्वस्वी चुकीची वाटत नाही. ताणाखाली कान बिघडत असतील, तर उघड्या डोळ्यांनी ऐकतानाही ते बिघडतात, फक्त दुसऱ्या दिशेने : टूल आणि ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले होते की स्पीकर दिसत असताना त्याच श्रोत्यांचे गुण रूपाकडे झुकतात आणि स्पीकरची जागा बदलल्याचा परिणाम त्यांना कमी जाणवतो.

२३ फेब्रुवारी

कारण सापडले. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला ८ ओहमचे दोन रेझिस्टर एकामागोमाग जोडून १६ ओहमवर मोजले : २.२२ व्होल्ट. एक काढला : २.००. चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. या फरकातून यंत्राचा स्वतःचा आउटपुट रोध सुमारे २ ओहम निघतो.

मग स्पीकरचा रोध सुरागणिक मोजला. पेटीवर ८ ओहम लिहिले आहे, ती नुसती सरासरीची भाषा. ५८ हर्ट्झला, म्हणजे वूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) स्वतःच्या सुरापाशी, तो २१ ओहमवर चढतो. १८० हर्ट्झला ४.१ पर्यंत उतरतो. हजार हर्ट्झला ७ असतो आणि क्रॉसओव्हरपाशी (जिथे आवाज वूफरकडून छोट्या स्पीकरकडे जातो) २२०० हर्ट्झला पुन्हा १६ वर जातो. २ ओहमचा अडसर मध्ये असला की जिथे स्पीकरचा रोध जास्त तिथे सिग्नल कमी गळतो आणि जिथे कमी तिथे जास्त. हिशोब केला : हजार हर्ट्झच्या तुलनेत ५८ ला १.४ डेसिबल वर, १८० ला १.३ डेसिबल खाली, २२०० ला १.२ डेसिबल वर. मी पातळी अगदी काटेकोर जुळवली होती, पण एकाच सुराला. डग्ग्याच्या घुमाऱ्याशी ती जुळलेली नव्हतीच, आणि चार माणसांनी ते न सांगता ओळखले. शिवाय ५९ हर्ट्झला घुमणारी ही खोली त्या फुगवट्याच्या नेमकी शेजारी येऊन बसली आहे.

२ मार्च

याचा पुरावा उलट्या बाजूने द्यायचा ठरवले. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्या मध्ये प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा, २० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घातला आणि पातळी पुन्हा जुळवली. ॲम्प्लिफायर बनवणारे बॉब कार्व्हर यांनी १९८५ मध्ये एका महागड्या ॲम्प्लिफायरची नक्कल स्वतःच्या यंत्रात उतरवून दाखवली होती, त्या पैजेचा हा आमच्या ऐपतीचा अवतार. पूर्वी १६ पैकी १६ मिळवणारे दोघेच बोलावले.

पहिल्याला ९ मिळाले. दुसऱ्याला १३, आणि माझा चेहरा पडला. त्याला विचारले तर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की संगीत ऐकून नव्हे, दोन तुकड्यांमधल्या शांततेत बटण दाबून तो व्हॉल्व्हची बारीक गुणगुण शोधत होता. खुर्चीवर बसून मीही ऐकले : आहे, पुसट पण आहे. भाचीने मग संगीत मध्ये न थांबवता पुन्हा १६ फेऱ्या घेतल्या आणि त्याला ८ मिळाले.

यामुळे १६ फेब्रुवारीच्या निकालावर एक डाग पडतो, कारण त्या दिवशीही तुकड्यांमध्ये शांतता होती. चार जणांची डग्ग्याची टिपणे पाहता सगळा निकाल गुणगुणीवर उभा नसावा. तरी किती फेऱ्या तिच्यामुळे ओळखल्या गेल्या हे आता सांगता येणार नाही. त्या दिवसाच्या आकड्यांपुढे तशी खूण करून ठेवली आहे. दुसरी मर्यादाही नोंदवतो : सगळे ऐकणे मध्यम पातळीवर झाले. ८ वॉटच्या यंत्राला जोरात पळवले तर त्याची विकृती वाढते आणि तिथे एक रेझिस्टर पुरे पडणार नाही.

९ मार्च

डबा उघडून साफ केला, ट्रिमपॉटवर नेलपॉलिशचे थेंब टाकून ते पक्के केले. पुढच्या जोडणीसाठी टर्नटेबल येणार आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या चुंबकाच्या डबीवर) वायरीच्या कपॅसिटन्सचा (विद्युतभार साठवण्याच्या गुणाचा) जो परिणाम होतो तो त्या वेळी मोजायचा, आणि या खेपेला पातळी तीन-चार सुरांना तपासायची.

ज्येष्ठ श्रोते संध्याकाळी एकटेच आले. बटणे नकोत, कागद नको, नुसते ऐकू द्या म्हणाले. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर रेझिस्टरसकट तसाच जोडलेला होता, तो लावून दिला. त्यांनी तबल्याचा तुकडा दोनदा ऐकला, मग रेझिस्टर काढून एकदा, मग पुन्हा घालून. जाताना ते दोन रेझिस्टर त्यांनी मागून घेतले आणि रुमालात गुंडाळून खिशात ठेवले. स्पीकरच्या लाल वायरीत बसवायचे की काळ्या, हे त्यांनी दारातून विचारले. कोणत्याही एकीत चालतील, असे सांगितले.